फोनवर नेट चालतंय, लॅपटॉपवर नाही : सोलापूरच्या घरांसाठी वायफायची तपासणी

लॅपटॉप वायफाय धरत नसला की पुष्कळ घरांत पहिला हात जातो तो राउटरच्या मागच्या बारीक भोकाकडे. टाचणी घालायची आणि रिसेट मारायचा. एवढं एक करू नका. फायबरच्या अनेक कनेक्शनांत नेटवाल्याने त्या डब्यात युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असतो. टाचणी दहा सेकंद दाबून धरली की तो पुसला जातो. मग अडचण एका लॅपटॉपची होती, ती टीव्ही, फोन, कॅमेरा अशी सगळ्या घराची होते आणि लाईनमनची वाट बघत बसावं लागतं. डबा बंद करून चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

नेट तुमच्यापर्यंत येतं त्यात तीन तुकडे आहेत. रस्त्यावरून डब्यापर्यंतची लाईन, डब्यापासून लॅपटॉपपर्यंतची हवा आणि लॅपटॉपचं आतलं यंत्र. यातला कुठला तुकडा तुटलाय हे आधी ठरवायचं. त्याला पाच मिनिटं पुरतात, आणि ती न दिल्यामुळे चांगले चालणारे लॅपटॉप फॉरमॅट होतात.

आधी फोन हातात घ्या

लॅपटॉप जिथे चालत नाही त्याच जागी फोन घेऊन बसा. मोबाइल डेटा बंद करा. ही पायरी हमखास विसरली जाते. फोन वायफायला जोडलेला दिसतो, पण नेट खेचत असतो सिमवरून, आणि आपण म्हणतो की राउटर ठीक आहे. डेटा बंद करून आज न उघडलेली एखादी साइट उघडा. उघडली तर लाईन आणि डबा दोन्ही धड आहेत, खाली लॅपटॉपच्या भागाकडे जा. फोनवरही उघडली नाही तर लॅपटॉप मिटून ठेवा आणि डब्याकडे चला.

डब्यावर पॉन लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर हवा. त्याशेजारचा एल-ओ-एस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. अशा वेळी फायबरची बारीक वायर हाताने नव्हे, डोळ्यांनी तपासत जा. कपाटामागे दबलीय का, खिडकीच्या चौकटीत चेपलीय का, खिळ्याला गुंडाळलीय का? फायबरला बांगडीपेक्षा लहान वळण देऊ नये. आतली काच तुटली नाही तरी अशा वळणावर प्रकाश बाहेर सांडतो आणि डब्याला कमी पडतो. टोक काढून फुंकर मारू नका आणि ते डोळ्यासमोर तर मुळीच धरू नका, कारण आतला लेसर डोळ्याला दिसत नाही. लाईनमन आला की डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतो ते दाखवणाऱ्या मीटरचं रीडिंग विचारा, ते डीबीएम या एककात असतं. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या आसपास असेल तर ठीक. उणे २७ च्या खाली गेलं असेल तर नेट ये-जा करत राहणार, आणि तो ‘आता चालतंय ना’ म्हणून निघाला तरी त्याला जॉइंट पुन्हा करायला लावा.

पॉन हिरवा आहे, एल-ओ-एस विझलेला आहे आणि तरी फोनवर नेट नाही, तर आधी रिचार्जची तारीख बघा. ती ठीक असेल तर डब्याची पिन काढा, ३० सेकंद थांबा, परत लावा आणि तीन मिनिटं त्याला हात लावू नका. वीज नुकतीच आली असेल तर आणखी थोडं थांबा. तुमचा डबा इन्व्हर्टरवर असला तरी नेटवाल्याची गल्लीतली किंवा पेठेतली मशीन इन्व्हर्टरवर असेलच असं नाही.

दुपारीच तुटत असेल तर

सकाळी चालतं, दुपारी एक ते पाच सारखं तुटतं, रात्री पुन्हा ठीक. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये अशी लक्षणं दिसली तर लॅपटॉपच्या आधी डब्याला हात लावून बघा. घरगुती राउटर बहुतेक करून ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. इथे सावलीतच पारा त्याच्या वर जातो. मग पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, इन्व्हर्टरच्या डोक्यावर किंवा सेटटॉप बॉक्सवर चढवून ठेवलेल्या डब्याचं काय होत असेल? त्यातली चिप तापली की राउटरच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झवालीचं नाव आधी गायब होतं, मग जोडलेली यंत्रं एकेक करून सुटतात, शेवटी डबा आपणच बंद होऊन चालू होतो. धूळ बसू नये म्हणून अंथरलेला भरतकामाचा रुमाल काढा. डबा भिंतीवर चार-पाच फुटांवर उभा लावा आणि चारही बाजूंना चार बोटं मोकळी ठेवा. खाली यंत्रमाग आणि वर घर असेल तर सुताचा बारीक कचरा जाळीत बसतो. महिन्यातून एकदा डबा बंद करून कोरड्या मऊ ब्रशने तो झाडा. लॅपटॉपच्या खालच्या जाळीचंही तसंच.

त्याच डब्याचा अॅडॉप्टर हा दुसरा संशयित. त्यावर बहुतेक १२ व्होल्ट आणि १, १.५ किंवा २ अँपिअर लिहिलेलं असतं. जुना झालेला अॅडॉप्टर दिवे पेटवण्याइतकी वीज देतो, पण चार यंत्रं एकदम जोडली गेली की मान टाकतो. तेव्हा दिवे लागलेले आणि वायफाय गायब, असं दिसतं. बदलताना व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त चालतील, पिनची जाडी आणि आतला धन-ऋण जुळला पाहिजे. माग सुरू होताना दिवे मंद होतात अशा घरांत डब्याला छोटा डीसी यूपीएस (वीज डगमगली तरी डबा चालू ठेवणारी बॅटरी) लावणं हा चांगला खर्च आहे.

नाव दिसतच नाही

आता लॅपटॉप. खाली उजवीकडे वायफायच्या चिन्हावर क्लिक करून यादी उघडा. यादीत एकही नाव नाही की शेजाऱ्यांची नावं आहेत आणि फक्त आपलं नाही? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

एकही नाव नसेल तर एअरप्लेन मोड बघा. कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली एक कळ असते, एफएन दाबून ती दाबली की वायफाय बंद-चालू होतं. फडक्याने कीबोर्ड पुसताना ती दाबली जाते. काही जुन्या लॅपटॉपना कडेला सरकणारं बटणही असतं.

त्याने काही झालं नाही तर लॅपटॉप नीट बंद करा. विंडोजमधलं शटडाउन हे बहुतेक लॅपटॉपवर पूर्ण बंद होणं नसतं. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज अर्धी माहिती जपून ठेवतं आणि त्यात अडकलेलं वायफाय कार्ड, म्हणजे वायफाय पकडणारं आतलं यंत्र, तेही तसंच जपलं जातं. रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा. मग चार्जर काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कार्ड एकाएकी नाहीसं झालं असेल तेव्हा हा उपाय करून बघावाच. करायला एक मिनिट लागतं आणि त्यात गमावण्यासारखं काही नाही.

तरी नाही? विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि नेटवर्क अॅडॉप्टर्स पसरवा. इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम असं नाव आणि पुढे वाय-फाय किंवा वायरलेस लिहिलेली ओळ शोधा. ओळीवर खाली बाण असेल तर कार्ड बंद केलेलं आहे, उजवं क्लिक करून एनेबल करा. पिवळं त्रिकोणी चिन्ह असेल तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडलाय. विंडोज अपडेटनंतर लगेच बिघडलं असेल तर प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर रोल बॅक ड्रायव्हर दाबा. ते फिकट दिसत असेल तर अनइन्स्टॉल डिव्हाइस करून रीस्टार्ट करा, विंडोज तो परत बसवतं. अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करू नका, नाहीतर नेट नसलेल्या लॅपटॉपला ड्रायव्हर कुठून आणायचा हा नवा प्रश्न उभा राहतो.

त्या प्रश्नालाही उत्तर आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन घरच्या वायफायवर असला तरी चालतं, त्यामुळे डेटा खर्च होत नाही. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून तिथूनच ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका.

शेजाऱ्यांची नावं आहेत, आपलं नाही

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे, कारण यात लॅपटॉप आणि डबा दोघंही ठणठणीत असतात, फक्त एकमेकांची भाषा कळत नसते. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. स्वस्तातले आणि सात-आठ वर्षांपूर्वीचे बरेच लॅपटॉप फक्त २.४ ऐकतात. नेटवाल्याने बसवताना दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल तर गोंधळ होतो, आणि २.४ बंद करून ठेवलं असेल तर जुन्या लॅपटॉपला काहीच दिसत नाही. आपला लॅपटॉप काय ऐकतो ते बघायला कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची विंडोजमधली काळी खिडकी, उघडा. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या.

नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स (netsh wlan show drivers)

येणाऱ्या मजकुरात रेडिओ टाइप्स सपोर्टेड अशी ओळ असते. तिथे ८०२.११ च्या पुढे फक्त बी, जी, एन असेल आणि एसी किंवा एएक्स नसेल तर कार्ड बहुधा २.४ वालाच आहे. अशा घरात फोनच्या ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगचं पान उघडून दोन पट्ट्यांना दोन नावं द्या. पानाचा पत्ता आणि पासवर्ड डब्याच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो, पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तिथेच २.४ चा चॅनेल (पट्टीतला एक भाग) ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ वर ठेवा. भारतात राउटर १२ आणि १३ वरही जाऊ शकतो, पण काही लॅपटॉपची कार्डं परदेशी नियमांप्रमाणे बांधलेली असतात, त्यांना हे दोन चॅनेल दिसतच नाहीत. ५ गिगाहर्ट्झवर चॅनेल ३६ ते ४८ मधला ठेवला की अडचण कमी येते.

डबा नवा, वायफाय ६ वाला, आणि लॅपटॉप जुना अशीही जोडी असते. इंटेलच्या काही जुन्या कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर वायफाय ६ चं नाव दिसत नाही. ड्रायव्हर नवा केला की दिसू लागतं. नवा मिळत नसेल तर राउटरमध्ये २.४ पट्टीपुरता एएक्स मोड (वायफाय ६ चंच दुसरं नाव) बंद करा. सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए ३ असेल तर तो डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र करा. सगळंच उघडं ठेवणं हा उपाय नाही.

आणि भिंती. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांत दीड-दोन फुटांच्या दगडमातीच्या भिंती आहेत. उन्हाळ्यात त्या अमृत आहेत, पण ५ गिगाहर्ट्झ त्यांतून जात नाही, २.४ सुद्धा एका भिंतीनंतर दमतं. दगडाच्या जोडीला पाणी. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेली पिंपं, गच्चीवरची टाकी आणि उन्हाळ्यात खिडकीला लावलेला पत्र्याचा पाणीभरला कूलर, हे तिन्ही वायफायच्या लहरी अडवतात आणि पितात. त्यात लोखंडी कपाट आलं तर पलीकडे सावलीच पडते. डबा आणि लॅपटॉप यांच्यामध्ये मनातल्या मनात एक दोरी ताणा. ती कपाट, पिंप किंवा कूलरमधून जात असेल तर दोघांपैकी एकाची जागा बदला. सिग्नल मोजायला ही आज्ञा वापरा :

नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस (netsh wlan show interfaces)

सिग्नलपुढे टक्के येतात. ५० च्या वर असेल तर सेटिंगमध्ये दोष शोधा, ३० च्या आसपास असेल तर जागेत. दगडी घरात दोन खोल्यांपलीकडे नेट हवं असेल तर लॅनची वायर ओढून तिकडे दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट (वायरने आलेलं नेट तिथे वायफायवर देणारा) म्हणून लावणं हेच टिकतं. मधल्या प्लगमध्ये खोचायचे एक्स्टेंडर अशा भिंतींपुढे निराशा करतात, कारण त्यांनाही त्याच भिंतीतून ऐकावं लागतं.

लॅपटॉपच्या शेजारी यूएसबी ३ ची हार्डडिस्क किंवा हब लावलं की २.४ तुटतं, हेही होतं. त्या पोर्टचा गोंगाट नेमका त्याच पट्टीत पडतो. हार्डडिस्क लांब केबलवर घ्या किंवा ५ वर जा.

पासवर्ड घेत नाही

पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबून काय उमटतंय ते बघा. सोलापुरात एकाच लॅपटॉपवर इंग्रजीबरोबर मराठी, कन्नड, तेलुगू असे कीबोर्ड असणं नवलाचं नाही. ठिपक्यांमागे भलतंच अक्षर उमटत असतं. विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या. शून्य आणि कॅपिटल ओ, एक आणि छोटा एल यांची गल्लत स्टिकर वाचताना होते, म्हणून पासवर्ड स्टिकरवरून नव्हे तर चालू असलेल्या फोनच्या वायफाय सेटिंगमधून वाचा.

अपार्टमेंटमध्ये आणखी एक खबरदारी घ्या. एकाच कंपनीच्या डब्यांची नावं सारखी असतात, फक्त शेवटची चार अक्षरं वेगळी. आपला पासवर्ड शेजाऱ्याच्या नावाला देत बसलो तर तो कसा लागेल?

पासवर्ड नुकताच बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच वापरत राहतो. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मॅनेज नोन नेटवर्क्स इथे जाऊन आपल्या नावापुढे फर्गेट दाबा आणि नव्याने जोडा. तरी नाकारलं तर राउटरच्या पानावर मॅक फिल्टर (ठरावीक यंत्रांनाच आत घेणारी यादी) लावलंय का ते बघा. ते लावलेलं असेल तर लॅपटॉपमधलं रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस बंद ठेवा, नाहीतर लॅपटॉप वेगळ्याच पत्त्याने दारात उभा राहतो.

जोडलंय, पण नेट नाही

चिन्ह येतं, नाव येतं आणि खाली नो इंटरनेट. इथे अंदाज करायचा नाही, पिंग करायचं, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघायचं. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाइप करून एंटर दाबा. वायरलेस लॅन अॅडॉप्टर वाय-फायच्या खाली आयपीव्ही४ अॅड्रेस (लॅपटॉपचा पत्ता) आणि डिफॉल्ट गेटवे (डब्याचा पत्ता) अशा दोन ओळी दिसतील. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही, लॅपटॉपने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय. तसं असेल तर :

आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज
आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू

या दोन्ही आज्ञांत आयपीकॉन्फिगनंतर एक जागा सोडा, आणि स्लॅश म्हणजे / ही तिरकी रेघ टाइप करा. तरी १६९ च राहिला तर राउटर एकदा बंद-चालू करा. पत्ता १६९ चा नाही पण घरातल्या फोनच्या पत्त्याशी पहिले तीन आकडेही जुळत नाहीत, असं असेल तर कॉलेजात किंवा ऑफिसात कुणीतरी तो हाताने भरून ठेवलाय. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी असाइनमेंट ऑटोमॅटिक करा.

पत्ता ठीक असेल तर पिंग, जागा आणि गेटवेचे आकडे. चार ओळी येतील. रिप्लाय फ्रॉम आणि वेळ १ ते १० मिलिसेकंद आली तर हवेतला तुकडा धड आहे. रिक्वेस्ट टाइम्ड आउट आली तर दोष लॅपटॉप आणि डब्याच्या मधेच आहे. पुढे पिंग ८.८.८.८ करा, हा गूगलचा बाहेरचा पत्ता आहे. गेटवे उत्तर देतो आणि हा देत नाही, शिवाय फोनवर नेट चालू आहे, तर बहुधा लॅपटॉपवरचं व्हीपीएन किंवा मुदत संपलेला अँटिव्हायरस अडवतोय. व्हीपीएन बंद करा, तो अँटिव्हायरस काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. ८.८.८.८ उत्तर देतो पण पिंग गूगल डॉट कॉमला होस्ट सापडत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस करा आणि डीएनएस हाताने ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. तिन्ही पिंग चालतात आणि ब्राउझरच रुसलाय, तर सेटिंगमधला प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या यंत्रामार्फत घेण्याची सोय) बंद करा आणि लॅपटॉपचं घड्याळ बघा. तारीख २०१९ ची किंवा अशीच मागची दाखवत असेल तर एकही सुरक्षित साइट उघडणार नाही. तारीख दुरुस्त करूनही पुन्हा पुन्हा मागे जात असेल तर आतला छोटा सेल संपलाय, बऱ्याच लॅपटॉपांत तो सीआर २०३२ असतो.

लॅपटॉप मिटून उघडला की नेट जातं, ही तक्रार वेगळी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डच्या प्रॉपर्टीजमधल्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर वीज वाचवायला यंत्र बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाका.

हे सगळं करूनही नसेल जमत तर नेटवर्क रिसेट, म्हणजे लॅपटॉपमधला, डब्याचा नव्हे. नेटवर्क अँड इंटरनेट, अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, नेटवर्क रिसेट. यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएन जातात, म्हणून आधी लिहून घ्या. दाबल्यावर पाच मिनिटांत लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट होतो, उघडं काम सेव्ह करून ठेवा.

कार्डच गेलं असेल तर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यूमधून शो हिडन डिव्हाइसेस करूनही कार्ड दिसत नाही, बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्येही) दिसत नाही, तर ते सुटलंय किंवा जळलंय. झाकण उघडणाऱ्याने आधी बॅटरीची वायर काढावी. कार्ड नखापेक्षा थोडं मोठं, २२ बाय ३० मिलिमीटरचं, एका स्क्रूवर बसलेलं असतं आणि त्यावर काळी-पांढरी अशा दोन अँटेनाच्या वायरी दाबून बसवलेल्या असतात. लॅपटॉप पडल्यावर त्यांतली एक निसटते. तेव्हा नाव दिसतं, पण डब्याच्या शेजारी बसलं तरच जोडलं जातं. वायर पुन्हा टक् करून बसली की काम झालं. बिजागरीपाशी ती घासून तुटली असेल तर स्क्रीन उघडावी लागते. कार्ड बदलायचं तर जुन्यावरचा नंबर वाचून घ्या. इंटेलचं एएक्स २०१ ठरावीक इंटेल प्रोसेसरांवरच चालतं, तेच एएक्स २१० वायफाय कार्डाच्या बहुतेक एम-डॉट-टू (एका प्रकारच्या खाचेच्या) जागांत चालतं. काही पातळ लॅपटॉपांत कार्ड बोर्डावरच झाळलेलं असतं, तिथे बदलायचा खर्च करू नका. दोन्ही पट्ट्या घेणारा यूएसबी डाँगल घ्या आणि तो छोट्या एक्स्टेंशन केबलवर टेबलावर ठेवा, लॅपटॉपच्या मागच्या बाजूला खोचून नव्हे.